आमच्या राज्याचं संशोधन खातं

माझा नवरा फार वाईट राजा होता.

ह्यांना जाऊन आज पाच वर्षं झाली. आता खरं सांगायला हरकत नाही.

हे बाभुळगावला ऑफिसात क्लार्क. घरची चार एकर कापसाची. टायपिंगसाठी म्हणून यवतमाळहून सेकंडहँड कॉम्प्युटर आणला आणि दर रविवारी दुपारी त्यावर राज्य करायला बसू लागले.

गेम असा, की गावं वसवून राज्य वाढवायचं आणि सोबत शोधही लावत जायचे. चाक, लोखंड, छपाई.
गावं भराभर वाढवली, की ती सांभाळण्यातच सगळा जोर जातो. शोध रखडतात.

ह्यांना मोकळी जागा बघवत नसे. दिसली की वसवलंच गाव.

एकदा चक्क वाळवंटात "मारेगाव" वसवलं.

"हे कायले?"

"तुह्यं माहेर हाय ना. नकाशात पाह्यजेच."

तिथे ना पाणी, ना पीक. बाकीची गावं त्याला पोसत बसली.

"तुह्या माहेरचे बसूनच खाऊन राह्यले," वर हेच हसायचे.

मी सातवीत शाळा सोडलेली. पण वाचायचा नाद. पुड्याचा कागदही सोडत नसे. डिक्शनरी मांडीवर घेऊन गेममधल्या एकेका शोधाच्या इंग्रजी माहितीचा अर्थ लावू लागले.

"आजपासून संशोधन खातं तुह्याकडं," हे म्हणाले.

कापसाची ती वाईट वर्षं. लोक वावरं ठेक्यानं देऊन मोकळे होत होते. शेजारचं पाच एकर वावर असंच ठेक्यानं स्वस्तात मिळत होतं. ह्यांच्या मनात भरलं.

मला त्याच वर्षी बाहेरून दहावीला बसायचं होतं. सतरा नंबरचा फॉर्म आणून देवघरात ठेवला होता. ह्यांना माहीत होतं.
नऊ एकराचं निंदण, वेचणी करून अभ्यास होणार नव्हता.
मी फॉर्म तसाच ठेवला.

त्या रविवारी गेममध्ये शत्रू बंदुका घेऊन आला. आमची अकरा गावं, आणि हातात भाले.

"तुह्यं खातं काय करून राह्यलं होतं?" हे चिडले.

"तुमी गावं वसवून राह्यले. खात्याच्या वाट्याले काही आलं काय?"

ह्यांनी माउस बाजूला सारला. मग विचारलं,

"फॉर्म भराची शेवटची तारीख कोणती हाय?"

दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याला वावर नको म्हणून सांगून आले.

आणि नेमकं त्या साली त्या पाच एकरात कापूस पिकला.

मार्चमध्ये पहिला पेपर देऊन मी बाहेर आले. हे गेटपाशी सायकल धरून उभे. समोरून त्याच वावराचा कापूस भरलेला मेटॅडोर चालला होता.

"आपला राह्यला असता," मी म्हटलं.

ह्यांनी मान वळवूनही पाहिलं नाही.

"ते जाऊ दे. पेपर कसा गेला, ते सांग."

अहो, चांगला गेला होता.

आज तुमच्या आठवणीला हात जोडते.