मापाचे बूट

यशोधराच्या लहानपणी तिला मापाचे बूट कधी मिळालेच नाहीत. आई दरवर्षी वाढत्या मापाचे घ्यायची आणि टोकात कापूस कोंबायची. भावाला मात्र पायाला बसतील असे. पळताना हिचा बूट निसटायचा आणि अख्खा वर्ग खिदळायचा. तो राग तिनं लग्नानंतर इंदूरच्या सासरीही जपून ठेवला होता.

लेक वल्लरी नववीसाठी नव्या शाळेत जाणार, म्हणून तिघं कृष्णपुऱ्याजवळच्या दुकानात गेली. नवरा मुकुल सवयीनं दुकानदाराला म्हणून गेला, "भिया, एक नंबर बडा दिखाना. पोरगी वाढतेय अजून."

"खबरदार!" यशोधरा कडाडली. "माझ्या मुलीला आजच्या मापाचेच बूट मिळतील. कापूस कोंबायची हौस माझ्या आईनं फेडून घेतली, तेवढी पुरे झाली."

दुकानदारानं त्या मापाचा बूट वल्लरीच्या पायात चढवून टोक दाबून पाहिलं. "बेटा, चुभ तो नहीं रहा?"

वल्लरीनं आधी आईकडे पाहिलं. "नाही. एकदम फिट."

यशोधरा त्या दिवशी गड जिंकल्याच्या थाटात घरी आली.

शाळा सुरू झाली आणि आठवड्याभरातच धुवायच्या मोज्यांवर तिला रक्त दिसलं. पोरीच्या दोन्ही टाचा सोलून निघाल्या होत्या.

"दुकानातच चावत होते?"

"हो ना, मम्मी."

"मग तोंड शिवलं होतं का तुझं?"

"मी काय बोलणार?" वल्लरी टाच कुरवाळत म्हणाली. "तू तर तुझेच बूट घेत होतीस."

यशोधरानं कपाट उघडलं आणि टाचांना लावायला कापूस काढला.