पेशंट आधी, मग आपण

भूकंप आला तर काय करायचं, हे मला तोंडपाठ होतं. अकोल्याला दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं होतं, जेवण झकास होतं आणि शेवटी प्रमाणपत्रही मिळालं होतं. चांदूर बाजारकडच्या एका गावातल्या आरोग्य उपकेंद्रात मी नर्स. परत आल्या आल्या गावातल्या बायका गोळा केल्या आणि टेबलाखाली बसून दाखवलं. माझा देह पाहता मी टेबलाखाली कमी आणि टेबल माझ्यावर जास्त होतं.

"बाई, आमच्या घरी टेबल नाई," एक म्हातारी म्हणाली. "खाटीखाली चालन का? पन तिथं बकरी बसते."

बकरीला बाहेर काढा म्हटलं. सगळ्या हसल्या. मग मी चेहरा गंभीर करून मुख्य नियम सांगितला: दवाखान्यात असलो तर पेशंट आधी, मग आपण. गावची आशा कार्यकर्ती मागे उभी राहून मान डोलवत होती.

महिनाभरात जमीन खरंच गुरगुरायला लागली. मांडणीवरची भांडी वाजायची. घाबरण्यासारखं काही नाही, असं वरून कळवलं होतं. गावाने वरच्यांपेक्षा पायाखालच्या जमिनीचं ऐकलं आणि खाटा अंगणात काढल्या. मी घरोघरी फिरून धीर देत होते. देताना भिंतीपासून जरा लांब उभी राहायचे, एवढंच.

अशात एका सकाळी पहिलटकरीण आली. तिला टेबलावर घेतलं. आशा उशाशी, मी पायाशी. कळा जोरात सुरू झाल्या आणि तेवढ्यात धक्का बसला. कपाट हललं, छताचा पोपडा धाडकन खाली आला. त्यानंतरचं मला आठवतं ते थेट बाहेरचं. मी कडुनिंबाखाली उभी होते, अनवाणी, हातात ग्लोव्ज, आणि एकटी.

मग दारातून ती आली. आशाच्या खांद्यावर भार टाकून, दोन पावलं चालत, थांबत, कण्हत.

"काय होता जी तो नियम, सिस्टर?" आशा म्हणाली.

कुणीतरी कापूस झाकायची ताडपत्री आणून अंथरली, चार जणींनी लुगड्यांचा आडोसा धरला. मुलगी झाली, पण रडेना. पुसलं, पाठ चोळली, तरी निपचित. श्वास द्यायची पिशवी आत, टेबलाशेजारी राहिली होती. खिडकीच्या काचा पुन्हा थरथरत होत्या. आशा उठायला लागली. मी तिला खांदा दाबून खाली बसवलं आणि आत गेले. शौर्य वगैरे काही नाही. पण त्या पोरीच्या आईला दुसऱ्यांदा सोडून मला जगता आलं नसतं.

पिशवी आणली, इवल्या तोंडावर लावली, दाबत राहिले. किती वेळ गेला ते देव जाणे. मग पोरीने असा काही टाहो फोडला की आडोसा धरलेल्या बायकांचे हातच सुटले.

गावात बोभाटा झाला: सिस्टर हलत्या इमारतीत शिरल्या! शाल मिळाली, नारळ मिळाला. आधीच्या पळापळीबद्दल कुणी चकार शब्द काढेना. आशा बोलली असती तर बरं, असं वाटायचं, पण तीही गप्प. माझी झोप उडाली होती. ती शाल मी घडीसुद्धा न मोडता ठेवून दिली.

पाचवीला बाळंतिणीच्या घरी गेले. ती बाळाला पाजत होती, खोलीत दोघीच होतो. मी म्हटलं, "मी तुला टेबलावर टाकून पळाले होते. मला माफ कर."

"मले मालूम हाये ना," ती म्हणाली. "मी पाहूनच राहिली होती." तिने बाळाचं तोंड पदराने पुसलं. "सासू इचारे, तुले आशानं आनलं, तं सिस्टर कुठं होत्या? मी सांगतलं, त्या पयलेच बाहीर जागा साफ कराले गेल्या होत्या."

आणि पोर माझ्या मांडीवर ठेवून ती पाणी प्यायला उठली.