लिअँडरच्या डोक्यावरचा ठिपका

स्काल्पेल थांबवलं तोवर उशीर झाला होता. मायक्रोस्कोपखाली, नाण्यावरच्या पोहणाऱ्या माणसाच्या डोक्यावर खसखशीएवढा पिवळाधमक ठिपका चमकत होता. झालं! सात वर्षांची नोकरी, आणि ही चूक.

रेगेन्सबर्गच्या एका म्युझियममध्ये मी जुन्या धातूच्या वस्तू दुरुस्त करायची. युरो तेव्हा नवानवा होता. नाणं फ्राऊ लिंडनर या म्हाताऱ्या बाईंचं. रोमन राजवटीतल्या एका ग्रीक गावानं पाडलेलं, ब्राँझचं. अशा नाण्यांवर एका बाजूला सम्राट असतो, दुसरीवर मात्र गावाची आपली पुराणकथा. इथं बुरुजावर दिवा धरून उभी हेरो, आणि खाली समुद्र पोहत तिच्याकडे निघालेला लिअँडर. कथेत दिवा विझतो अन् तो बुडतो.

फ्राऊ लिंडनरांचे यजमान शाळेत ग्रीक शिकवायचे. आता केअर होममध्ये होते, बायकोलाही ओळखत नव्हते. लग्नाआधी त्यांनीच हे नाणं तिला दिलं होतं.

"स्वच्छ करून द्या," बाई म्हणाल्या होत्या. "चित्र दिसलं तर कदाचित त्यांना काही आठवेल."

ब्राँझवरच्या हिरव्या थराला पॅटिना म्हणतात. तो मळ नव्हे. चित्राचे बारकावे त्यातच टिकून असतात. खरवडला की गेले, आणि खालचा पिवळा धातू उघडा. नवीन येणाऱ्यांना मी हे घसा फोडून सांगायची. पण लहानपणी साताऱ्याला दर शनिवारी देव चिंचेनं लख्ख घासलेले. हाताची खोड मेली जाता जात नाही!

बॉसनं भिंगातून पाहिलं. "हे बघा, हिरवा रंग लावून झाकून टाका. रिपोर्टमध्ये लिहा."

"आधी बाईंना सांगते."

"चिडतील."

"चिडू देत. चूक माझी आहे."

फ्राऊ लिंडनरांनी सगळं ऐकून घेतलं. "रंग नंतर बघू. आधी त्यांना दाखवू. तुम्हीही चला."

केअर होममध्ये आजोबांनी नाणं खिडकीच्या उजेडात धरलं. मग त्यांनी नेमकं त्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

"दिव्याचा उजेड पडलाय त्याच्यावर," ते म्हणाले. "पोचेल आता."

आणि नाणं बायकोच्या तळहातावर ठेवून त्यांनी तिची बोटं हळूच मिटली. "हे तुमच्यासाठी," म्हणाले, आणि चक्क लाजले.

"तेव्हाही असेच लाजले होते," बाई मला म्हणाल्या. त्या रडत होत्या. मीही.

बाईंनी ठिपका झाकू दिला नाही. मी फक्त वरून हवा लागू नये म्हणून मेणाचा हात दिला. रिपोर्टमध्ये 'नुकसान' असंच लिहिलं, सही केली. पॅटिना कधीही खरवडू नये. नवीन येणाऱ्यांना आजही हेच सांगते, फक्त आवाज जरा खाली असतो.