शिक्क्याचं पत्र

सौदीतल्या राबिघच्या रिफायनरीत एकोणीस वर्षं काढलेल्या राजाभाऊ देवस्थळींचा माणसांवर विश्वास असो नसो, शिक्क्यावर मात्र पूर्ण होता. इथे कागद असेल तर माणूस आहे, नाहीतर खलास, हे ते पहिल्याच वर्षी शिकले होते.

त्यांची गौरी अठरा वर्षांची. जेद्दाच्या एका क्लबात ती बास्केटबॉल खेळायची आणि दर शुक्रवारी राजाभाऊ तिला दीडशे किलोमीटर गाडीने घेऊन जायचे. खेळातलं त्यांना ओ की ठो कळत नसे. पण पहिल्याच सामन्यात, घरी स्वतःचं ताटसुद्धा न उचलणारी ही पोर तीन धिप्पाड मुलींमधून अशी निसटली की राजाभाऊ खुर्चीतून अर्धवट उठले ते तसेच राहिले. "ये हमारी है," त्यांनी शेजारच्या अनोळखी गृहस्थाला उगाचच सांगून टाकलं.

क्लब तिला महिना आठशे रियाल देऊ लागला. पुढे अमेरिकेतल्या एका कॉलेजने खेळासाठी शिष्यवृत्ती देऊ केली, आणि राजाभाऊंचे हात शिवशिवले. नुसत्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार? ते परस्पर क्लबच्या ऑफिसात गेले आणि लेटरहेडवर लिहून घेऊन आले: गौरी देवस्थळी, व्यावसायिक खेळाडू, मासिक पगार आठशे रियाल. खाली गोल निळा शिक्का. पोरीला न विचारताच त्यांनी ते अर्जाला जोडलं. अनुभवाच्या दाखल्याशिवाय जगात काही मिळतं का!

आठवड्याने कॉलेजची मेल आली: या पत्राबद्दल व्हिडिओ कॉलवर बोलायचं आहे. गौरीने अर्जाला जोडलेलं पत्र उघडून पाहिलं.

"बाबा, हे तुम्ही पाठवलं? अहो, पगार घेऊन खेळलेली मुलगी कॉलेजच्या टीमला चालत नाही. माझी एलिजिबिलिटी, खेळायची पात्रताच जाईल!"

"पण तिकडे हल्ली कॉलेजच खेळाडूंना पैसे देतं म्हणे."

"ते कॉलेजात गेल्यावर. आधी क्लबकडून पगार घेतला असेल तर त्याचा रूल वेगळा आहे."

पोरीच्या नशिबावर आपणच आपल्या हाताने शिक्का मारला होता. दोन दिवस त्यांना घास गोड लागला नाही. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "तू सांग, बापाने हौसेने खोटं पत्र लिहून घेतलं. पैसे रोख मिळायचे, कुठे नोंद नाही. मला वेडा ठरव, माझं काय जातंय?"

गौरीने ते पत्र पुन्हा एकदा वाचलं आणि घडी घालून ठेवलं.

कॉलच्या वेळी राजाभाऊ कॅमेऱ्यात दिसणार नाहीत अशा बेताने कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले. पलीकडच्या बाईंनी विचारलं, पत्र खरं आहे का? राजाभाऊंनी डोळे गच्च मिटले.

"शब्द न शब्द खरा आहे," गौरी इंग्रजीत शांतपणे म्हणाली. "सात महिने मी पगार घेतला. पगार घेताना नियम मला माहीत नव्हता. माझ्या वडिलांना त्या पगाराचा अभिमान वाटला, म्हणून त्यांनी पत्र जोडलं. मलाही वाटला."

बाई म्हणाल्या, कळवतो.

तीन आठवडे राजाभाऊ गौरीला दिवसातून दहादा मेल उघडायला लावत होते. मग निकाल आला. पहिले नऊ सामने बाहेर बसायचं, पगारातली खेळाच्या खऱ्या खर्चापेक्षा जास्तीची रक्कम एखाद्या धर्मादाय संस्थेला द्यायची, आणि दहाव्या सामन्यापासून खेळायचं. शिष्यवृत्ती कायम.

"ओन्ली नाइन, बाबा!" गौरी ओरडली.

राजाभाऊंना हुंदका आवरेना. एकोणीस वर्षांत त्यांनी एकाही साहेबासमोर स्वतःचं नुकसान होईल असं खरं बोलायची हिंमत केली नव्हती. चूक झाली की गप्प बसायचं, विचारलं की दुसऱ्या शिफ्टकडे बोट दाखवायचं, असंच निभावलं होतं. मग पोरीने हे कुणाकडून घेतलं? आपल्याकडून नाही, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं.

गौरी पाणी प्यायला त्यांच्या समोरून गेली, तेव्हा साहेब आल्यासारखे राजाभाऊ उठून उभे राहिले.

"काय झालं, बाबा?"

"काही नाही," ते म्हणाले, पण ती परत येईपर्यंत बसले नाहीत.