पाती, मुठी आणि आमचे मामेसासरे

आमच्या मामेसासऱ्यांनी आजवर जितकी लग्नं जुळवली, तितकी मुरूडपासून मांडव्यापर्यंतच्या सगळ्या भटजींनी मिळूनही लावली नसतील. फरक इतकाच, की त्यातल्या एकाही लग्नात माणसं नव्हती. मामा जुन्या तलवारींची पाती आणि मुठी जुळवतात. कुणाकडे नुसतं पातं उरलेलं असतं, कुणाकडे नुसती मूठ. ज्या काळातलं पातं त्याच काळातली, त्याच घडणीची मूठ मिळेपर्यंत मामा दोघांना एकमेकांच्या वाऱ्यालाही उभं राहू देत नाहीत. माणसांच्या लग्नाला मात्र त्यांना बोलावू नये. माझ्या लग्नात मी हातात कट्यार, तिच्या टोकाला लिंबू अशा थाटात पाटावर उभा होतो, अंतरपाट धरलेला होता, आणि मामा अक्षता टाकायच्या सोडून पुढे आले, वाकून कट्यार न्याहाळली आणि म्हणाले, "जावईबापू, पातं उत्तम आहे. मूठ शंभर वर्षांनी धाकटी. हे टिकायचं नाही." सासूबाईंना वाटलं आमच्याबद्दलच बोलले, त्यांनी तिथेच डोळ्याला पदर लावला. त्याला बावीस वर्षं झाली. आमचा संसार टिकला, कट्यारही भिंतीवर आहे, पण मामा घरी आले की आधी "मूठ बदलली का?" असं विचारायचे आणि मग पाणी प्यायचे.

मामा रेवदंड्याला खाडीच्या तोंडाशी राहतात. कारखान्यात फिटर होते, आता निवृत्त. बाहेर शेजाऱ्यांचे बोंबील काठ्यांवर वाळत असतात आणि आत मामींच्या स्वयंपाकघरात त्याच थाटात दोरीवर मुठी लटकत असतात. पाती माळ्यावर, खोबरेल लावून, जुन्या धोतरात गुंडाळलेली. मामी त्यांना सवती म्हणतात आणि दर शनिवारी स्वतःच त्यांचं तेल बदलतात. पातं मुठीत बसवायला लाख वितळवावी लागते. ती मामांनी एकदा मामींच्या दुधाच्या पातेल्यात वितळवली. पुढे आठ दिवस त्या घरी चहा प्यायलेला माणूस कप ओठाला चिकटल्यामुळे उठू शकत नसे, असं मी सांगतो आणि मामी ते खोटं आहे असं म्हणत नाहीत. काशीदच्या एका रिसॉर्टवाल्याने भिंतीवर सहा तलवारी लावल्या आणि मोठ्या कौतुकाने मामांना दाखवायला नेलं. मामांनी पहिल्याच तलवारीच्या पात्यावर नख वाजवलं, कान लावला आणि सांगितलं, "पातं पेशवाईतलं आहे. मूठ गेल्या शनिवारची." बिचाऱ्याने चहा मागवला होता. मामा म्हणाले, ह्या भिंतीखाली चहा घशाखाली उतरायचा नाही, आणि रिक्षा करून परत आले.

एवढ्या काटेकोरपणाच्या मुळाशी एक चूक आहे. ती मामांनी मला गेल्या पावसाळ्यानंतर ओटीवर बसून सांगितली, तीही मामी दळण आणायला गेल्यावर. त्यांच्या मूळ गावच्या देवीच्या हातात एक तलवार आहे. लांब, सरळ, परदेशी पातं. कधीकाळी गलबतातून ह्या किनाऱ्याला उतरलेलं. चाळीस वर्षांपूर्वी तिची मूठ गंजून गळून पडली आणि दसरा चार दिवसांवर आला. गावाने तलवार मामांकडे दिली. मामा तेव्हा नवे नवे फिटर, अंगात मस्ती. त्यांनी तळा गावच्या एका लोहाराकडून वाकड्या तलवारीची, मागे गोल वाटी असलेली मूठ आणली आणि त्या सरळ पात्याला ठोकून दिली. "म्हणजे होडीला सायकलचं हँडल," मामा मला म्हणाले. गावाने मात्र वाहवा केली, शाल-नारळ दिला. पुढे चार जाणत्यांत बसल्यावर मामांना कळलं की त्या पात्याला रुंद पत्र्यांची, मागे दुसरा हात टेकवायला लांब टोक असलेली मूठ हवी होती. तेव्हापासून ती शाल ट्रंकेत घडीची घडी आहे. "हात आता कापायला लागलेत, जावईबापू," ते म्हणाले. "डोळे आहेत तोवर तेवढी एक नीट करायची आहे. बाकी जगातल्या सगळ्या चुकीच्या राहिल्या तरी चालतील."

आणि तशी मूठ सापडली! कुठे, तर घरापासून पन्नास पावलांवर. एक कोळीण मावशी जवळा वाळवते, त्यावरच्या ताडपत्रीवर भार म्हणून ती पडलेली होती. मामा वीस वर्षं तिथून येत-जात होते, पण तोंड आकाशाकडे. मावशीला तिची किंमत नव्हती, ताडपत्रीची होती. "ने रे बाबा," ती म्हणाली, "पन वाऱ्यानं माझा जवला उडाला तर येचाया तू येशील?" मामांनी घरातून खलबत्त्याचा बत्ता आणून ताडपत्रीवर ठेवला. मामी अजून तो शोधताहेत.

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी आम्ही गावी गेलो. पिशवी माझ्याकडे, पिशवीत मूठ. देवळात पंधरा-वीस माणसं जमलेली. मामा उभे राहिले आणि चाळीस वर्षं पोटात ठेवलेलं सगळं सांगून टाकलं. शाल-नारळाला मी लायक नव्हतो, हेही. नवी मूठ बसवायची परवानगी मागितली. मग म्हातारे गुरव उठले. त्यांनी देवीच्या हातातली तलवार काढली आणि मामांच्या हातात दिली.

"हलते का बघ."

मामांनी दोन्ही हातांनी धरून हलवली. नख वाजवलं, कान लावला. चाळीस दसऱ्यांचं कुंकू आणि तेल मुठीच्या सांध्यात असं बसलं होतं की पातं कुठे संपतं आणि मूठ कुठे सुरू होते ते दिसत नव्हतं.

"हलत नाही," मामा म्हणाले.

"मग? तू बसवलीस तवापासून ती नांदते हाय. आता काय तिला माहेरी धाडायची व्हय?"

मामांनी तलवार पुन्हा एकदा दोन्ही बाजूंनी पाहिली. मला वाटलं आता वाद घालतील, गोल वाटी आणि लांब टोक समजावून सांगतील. त्यांनी फक्त उपरण्याच्या टोकाने पात्यावरचा एक डाग पुसला आणि तलवार परत दिली.

ती खरी मूठ आता स्वयंपाकघरातल्या दोरीवर एकटीच आहे. बाकीच्यांपासून जरा लांब. मामा तिच्यासाठी पातं शोधत नाहीत. दसऱ्याला मामींनी ट्रंकेतली शाल काढून त्यांच्या खांद्यावर टाकली, तेव्हा तिला कसरीची तीन भोकं पडलेली होती. मामा ती पांघरून दिवसभर ओटीवर बसले.

दिवाळीत ते आमच्याकडे आले. मी उत्तर तयार ठेवून दारातच उभा होतो. मामांनी भिंतीवरची कट्यार काढली, खिशातल्या डबीतलं खोबरेल लावलं, हलवून पाहिली आणि होती तिथे टांगली. मग पाणी मागितलं.

मी वाट पाहत होतो. ते पाणी प्यायले, भांडं खाली ठेवलं आणि विचारलं, "कसे आहात?"

बावीस वर्षांच्या सवयीने माझ्या तोंडून निघालं, "नाही बदलली."