गालावरचं बोट

पुष्कळ गुन्हे विसरलो, पण भिवंडीतलं ते प्रकरण मनातून जात नाही.

निजामपुऱ्यातली एक आई आपल्या तरुण मुलीला घेऊन आमच्या पोलीस ठाण्यात आली. "साहेब, हिला आडवं झोपता येत न्हाय. दम अडकतो." मुलीने नकाब वर केला. नाक मधोमध खचलेलं. लग्नाआधी नाक बारीक करून घ्यायला ती जवळच्या वडपे गावातल्या एका दवाखान्यात गेली होती. बोलताना ती बोटाने गाल बाजूला ओढून धरी, तेव्हा कुठे थोडी हवा आत जाई.

सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं, नाकाच्या आत मऊ हाडाचा पातळ पडदा असतो, त्यावर नाक तोललेलं असतं. तोच कापून टाकला होता. मी स्वतःचं नाक चाचपून पाहिलं. एवढ्याशा पडद्यावर माणसाचा दम उभा, याचं मला फार नवल वाटलं.

मुलीने दवाखाना दाखवला, गोदामाच्या माळ्यावर. डॉक्टर म्हणवणाऱ्याकडे पदवी नव्हती, पण गडी पक्का. "मी फक्त मलम देतो. ऑपरेशन कुणी पाहिलं?" पंचनाम्यात खरोखर मलमच सापडलं. मुलगी तर तेव्हा गुंगीत होती. त्याची मदतनीस बाई ठाण्यात मास्क लावून बसलेली, तीही ठाम. "आमच्याकडे कापाकापी होतच न्हाय."

चहा ठेवता ठेवता आमच्या महिला हवालदार माझ्या कानाशी आल्या. "सर, हिचं बोट बघा." नाही म्हणताना बाईचं बोट मास्कवरून गाल ओढत होतं.

मी प्रश्न थांबवले आणि मुलीला आत बोलावलं. तिने बाईकडे पाहिलं. "ताई, तुम्ही पण बसूनच झोपता का?"

बाईने मास्क काढला, तिचंही नाक खचलेलं, आणि ती रडायला लागली. त्या डॉक्टरने नाक कापायचा पहिला हात तिच्यावरच चालवला होता. काम जाईल म्हणून ती गप्प होती. तिने जबाब दिला, लपवलेली हत्यारंही दाखवली. माणूस काय बोलतो ते लिहून घ्यावं, पण बोलताना दम कसा घेतो तेही पाहावं, हे मी तिथे शिकलो.

पुढे डॉक्टरीणबाईंनी मुलीच्या बरगडीचं मऊ हाड काढून नाकाला नवा आधार दिला. काही आठवड्यांनी घरी भेटायला गेलो तर आईने दारातच गप्प राहायची खूण केली. मुलगी उताणी झोपली होती, तोंड मिटून.

"जेवण गार झालं," आई कुजबुजली, "पण उठवायला मन होत न्हाय."

चोरीला गेलेला ऐवज मी पुष्कळांना मिळवून दिला होता. श्वास परत मिळालेलं माणूस पहिल्यांदाच बघत होतो. मी चपला हातात घेतल्या आणि पाय न वाजवता जिना उतरलो.