मामींची भाकरी आणि माझं गंधक

हौदातले मासे माझ्यामुळं मेले. हे वाक्य मी आजवर कधी लिहिलेलं नाही, मित्रांत बोललेलो नाही. ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना सांगितलं — पण किती उशिरा! तुम्हाला सांगतोय ते मन हलकं व्हावं म्हणूनही नाही. सांगायचं राहिलं होतं, एवढंच.

वडगाव निंबाळकरला आमच्या घरापुढं सिमेंटचा हौद आहे. त्यात मी हौसेनं कोई जातीचे रंगीत मासे सोडले होते. केशरी, पांढरे, काळ्या ठिपक्यांचे. हौस माझी होती, पण माया लावली ती सासूबाईंनी. त्यांना मी मामी म्हणतो, आमच्याकडं तशीच पद्धत आहे. सासरे गेल्यावर अंथुर्ण्याच्या घराला कुलूप लावून त्या आमच्याकडं आल्या. बायको त्यांची एकुलती एक लेक. पण जावयाच्या घरात राहायचं म्हणजे — तुम्ही पाहिलं असेलच. चहा मागायचा नाही, पंखा आपण होऊन लावायचा नाही. मी ओसरीत आलो की या माजघरात.

हौदापाशी मात्र त्या मोकळ्या असायच्या. लहानपण मेंढरांमागं गेलेलं. सकाळी भाकरीचा तुकडा चुरत काठावर बसायच्या आणि मेंढरांना घालावी तशी हाळी घालायच्या. मासे खरोखर गोळा व्हायचे! पांढऱ्याशुभ्र अंगाचा, कपाळावर लाल टिळा असलेला एक मासा होता. त्याचं नाव त्यांनी सवाशीण ठेवलं होतं. "ये गं माझे बाई, तुलाच भूक लई," असं त्या तिच्याशी बोलायच्या. माझ्याशी सबंध दिवसात इतकं बोलत नसत.

उन्हाळ्यात हौदाचं पाणी हिरवं पडायचं. मोबाईलवर बघितलं, की अशा पाण्यात एक खनिज माती घोळून टाकतात. बेंटोनाइटच्या जातीची. पाणी एक दिवस गढूळ होतं, मग निवळतं, माशांचे रंग खुलतात. माती मागवायची तर आठ-दहा दिवस थांबायला हवं होतं. आणि माझ्या शेडमध्ये उसाला टाकून उरलेलं बेंटोनाइट गंधकाचं पोतं उभं होतं — पिवळे, डाळीसारखे दाणे. पोत्यावर बेंटोनाइटच्या पुढं गंधक लिहिलेलं मला दिसत नव्हतं का? चांगलं दिसत होतं. उसाला चालतं ते पाण्याला काय करणार, असं म्हणून मी बादलीभर दाणे हौदात ओतले. घरात कुणाला बोललो नाही. पाणी काचेसारखं झालं की मगच सांगायचं, मिरवायचं, असा बेत.

दाणे फुगून विरले. पुढं थोड्याच दिवसांत मासे सुस्तावले, मग एकेक वर यायला लागला. बाटलीत पाणी भरून मी बारामतीला माशांच्या दुकानात गेलो. दुकानदारानं त्यात पट्टी बुडवली, रंग बघितला आणि माझ्याकडं बघितलं. "सायेब, अ‍ॅसिड झालंय की ह्याचं. काय टाकलं हुतं?"

म्हणजे घरी परतलो तेव्हा मला सगळं ठाऊक होतं. हे नीट लक्षात ठेवा — ठाऊक होतं.

मामी काठावर बसल्या होत्या. पदरात सवाशीण, मेलेली. "पाव्हणं," त्या म्हणाल्या, "माझ्या भाकरीनं तर न्हाय झालं हे?"

मी म्हणालो, "भाकरी कुजते, मामी. पाणी नासतं."

काय खोटं होतं यात? भाकरी कुजतेच. पाणी नासतंच. दोन्ही वाक्यं खरी, आणि दोन्ही मिळून मी केलेला सगळ्यात मोठा खोटेपणा.

त्या दिवसापासून त्या हौदाकडं फिरकल्या नाहीत. मागच्या दाराशी बसायच्या. मी मात्र सगळं पाणी बदललं, खरी माती मागवली, बादलीत दुधासारखी घोळून, फडक्यानं गाळून हौदात सोडली. दुसऱ्या दिवशी तळ दिसायला लागला. जगलेल्या माशांचे रंग असे उजळले की शेजारचे तात्या बघायला आले. बायको कौतुकानं म्हणाली, "भाकरी बंद झाली आन् बघा कसं निर्मळ झालं." आत मामी ऐकत होत्या. मी हसलो.

महिनाभरात त्यांनी बोचकं बांधलं. "लेकीच्या घरी किती दिस ऱ्हायचं?" एवढंच म्हणाल्या. मी त्यांना गाडीनं अंथुर्ण्याला सोडलं. वाटेत सांगता आलं असतं. रस्ता काही लहान नव्हता. मी उसाच्या लागणीवर बोलत राहिलो.

दोन वर्षांनी अधिक महिना आला. त्या महिन्यात जावयाला धोंडे खायला बोलावतात, देव मानून पाटावर बसवतात. मामींनी आम्हा दोघांना बोलावलं. गुडघे धरून, एकटीनं पुरण वाटून धोंडे उकडले होते. माझ्या ताटात तूप ओतता ओतता त्या हळूच म्हणाल्या, "पाव्हणं, तुमच्या घरचं लई नुकसान केलं मी. लेकीला कधी त्यावरनं बोलला न्हाईसा, थोर मन तुमचं. तेवढं पोटात घाला माझं."

त्या माझी माफी मागत होत्या. मी पाटावरून उठलो.

"आवो, भरल्या ताटावरनं उठत्यात व्हय?" त्या घाबरल्या. बायको चुलीपाशी थांबून बघायला लागली.

त्या दोघींसमोर मी म्हणालो, "मामी, मासे तुमच्या भाकरीनं मेले नाहीत. मी हौदात उसाचं गंधक टाकलं होतं. तुम्ही विचारलंत तेव्हा मला माहीत होतं. माहीत असून तुमच्यावर ढकललं, आणि तुम्ही घर सोडून निघालात तरी गप्प बसलो. माझं चुकलं, मामी."